समुद्राखाली कार्बन जरूर पुरा, पण आधी जुन्या विहिरींचा हिशोब दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नॉर्वेच्या कार्बन साठवण प्रकल्पावर, म्हणजे कारखान्याचा कार्बन डायऑक्साईड पकडून समुद्राखालच्या खडकात पुरायचा त्यावर, मोठा लेख आला, वाचून बरं वाटलं, कारण या विषयावर आपल्याकडे दोनच टोकं ऐकू येतात, एक तर आता हवामानाचा प्रश्न सुटलाच असं समजून टाळ्या वाजवायच्या नाहीतर हे सगळं तेल कंपन्यांचं नाटक म्हणून मोडीत काढायचं. लेखात माहिती व्यवस्थित होती. फक्त शेवटी असं म्हटलंय की मुंबई हायची तेलक्षेत्रं आता रिकामी होत आलीत तेव्हा उद्या आपल्या कारखान्यांचा कार्बन डायऑक्साईड तिथे आयता भरता येईल. तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय.

माझी नोकरी सगळी ऑफशोअरची, म्हणजे भर समुद्रातल्या तेल-गॅसच्या विहिरींवरची. आधी मुंबई हाय, मग काही वर्षं आखातात. वेल सर्व्हिसेसला होतो, म्हणजे विहीर खोदणारे खोदून जातात, त्यानंतर तिच्या आत काय चाललंय ते बघायचं, बिघडली की दुरुस्त करायची आणि म्हातारी झाली की नीट बुजवायची, हे आमचं काम. त्यामुळे समुद्राखाली गॅस भरणार म्हटलं की बाकीच्यांना खडक दिसतो, मला आधी विहिरी दिसतात.

पहिल्यांदा हे सांगून टाकतो की हे तंत्रज्ञान खोटं नाही. नॉर्वेच्या नॉर्थ सी मध्ये स्लाइपनर नावाचं गॅस फील्ड आहे, तिथे 1996 पासून हे काम चालू आहे. तिथल्या गॅसमध्ये साधारण 9 टक्के कार्बन डायऑक्साईड निघायचा आणि गिऱ्हाइकाला अडीच टक्क्यांच्या वर चालायचा नाही, तेव्हा तो वेगळा काढणं भागच होतं. काढून हवेत सोडला असता तर कोणी काही बोललं नसतं, पण नॉर्वे सरकारने 1991 मध्येच समुद्रातल्या तेल-गॅस कंपन्यांवर कार्बनचा टॅक्स बसवला होता. हवेत सोडला तर दर टनाला पैसे, खाली पुरला तर नाही. त्या वेळच्या स्टॅटऑइलने म्हणजे आत्ताच्या इक्विनॉरने बसून गणित केलं आणि समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर खाली उत्सिरा नावाच्या वाळूच्या खडकात तो ढकलायला सुरुवात केली. पर्यावरणप्रेमाचा भाग किती आणि टॅक्सचा किती ते ज्याचं त्याने ठरवावं, मला तरी टॅक्सचाच जास्त दिसतो आणि त्यात काही वाईट आहे असंही वाटत नाही.

आता खाली काय होतं ते थोडक्यात सांगतो कारण माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटतं की खाली मोठी गुहा असते आणि तिच्यात गॅस भरून वर बूच मारतात. तसं काही नसतं. खडक भिजलेल्या विटेसारखा असतो, वरून टणक पण आत बारीक बारीक भोकं आणि त्यात खारं पाणी भरलेलं. कार्बन डायऑक्साईड 31 अंशाच्या वर आणि साधारण 74 बारच्या (म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 74 पट) वर दाबला की तो ना धड वायू राहतो ना धड द्रव, घट्ट होतो, जागा एकदम कमी घेतो, आणि साधारण 800 मीटरच्या खाली खडकात एवढा दाब आणि उष्णता आपोआप असते. तो पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर चढायला बघतो, वर शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाचा, जाड थर असतो तिथे अडतो. मग हळूहळू काही भोकांमध्येच अडकून पडतो, काही पाण्यात विरघळतो आणि फार फार वर्षांनी काहीचा दगड होतो. निसर्गात नैसर्गिक वायू लाखो वर्षं असाच अडकून राहिलाय, त्यामुळे खडक धरून ठेवेल का या प्रश्नाला चांगला खडक असेल तर हो असंच उत्तर आहे.

लेखातला जो नवा प्रकल्प आहे नॉर्दर्न लाइट्स, तो याच्या पुढचा. इक्विनॉर, शेल आणि टोटलएनर्जीज या तीन तेल कंपन्यांची सारखी भागीदारी. ब्रेविक नावाच्या गावात समुद्राला लागून सिमेंटचा कारखाना आहे, तिथल्या चिमणीतून वर्षाला 4 लाख टन कार्बन डायऑक्साईड पकडायचा, म्हणजे कारखान्याच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास निम्मा, तो उणे 26 अंशाच्या आसपास थंड करून दाबाखाली द्रव करायचा, जहाजात भरायचा, बर्गनजवळ ओयगार्डनच्या टर्मिनलला आणायचा आणि तिथून शंभरेक किलोमीटरच्या पाइपलाइनने समुद्रतळाच्या 2,600 मीटर खाली सोडायचा. ऑगस्ट 2025 मध्ये पहिला गॅस खाली गेला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 15 लाख टन, पुढे 50 लाखांपर्यंत न्यायचं ठरलंय, नेदरलँड्समधल्या एका खत कारखान्याचा गॅसही तिथेच येणार आहे. या सगळ्याच्या खर्चातला साधारण दोन तृतीयांश वाटा नॉर्वे सरकारने उचललाय हे मात्र लेखात यायला हवं होतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं कंपन्यांनी स्वतःच्या खिशातून केलं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. नॉर्वेवाल्यांच्या समुद्रात रिकामी होत आलेली तेल आणि गॅस फील्ड काय कमी आहेत? तरीही या प्रकल्पासाठी त्यांनी जागा कुठली घेतली, तर जिथे खाऱ्या पाण्याचा वाळूचा खडक आहे आणि जुन्या विहिरींची गर्दी नाही अशी. त्या जागेत आधी एक नवी विहीर खोदली, नमुने काढले, टेस्ट केली, आणि मग पैसे लावायचं नक्की केलं. हे उगाच नाही केलं. जुन्या तेलक्षेत्राचा एक फायदा असतो की खाली काय आहे ते सगळं माहीत असतं, पण जेवढ्या वेळा आपण वरच्या शेलच्या छपराला भोक पाडून बघितलेलं असतं तेवढ्या वाटा वर यायलाही असतात.

एक विहीर म्हणजे नुसतं भोक नसतं. एकात एक बसवलेले स्टीलचे पाइप असतात, त्यांना केसिंग म्हणतात, पाइप आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंटचं पातळ मिश्रण पंपाने चढवतात आणि ते घट्ट झालं की ती फट बंद होते असं आपण समजतो. समजतो म्हणायचं कारण ते कोणी डोळ्याने बघितलेलं नसतं. आवाजाच्या लहरी सोडून लॉग म्हणजे विहिरीच्या आतली नोंद घेतात, त्यावरून सिमेंट धरलंय का याचा अंदाज बांधतात. नवीन असताना चांगलं निघालेलं सिमेंट वीस-तीस वर्षांनी तसंच असेल याची हमी नाही. दाब वर-खाली होतो, पाइप गरम-थंड होतो, केसाएवढी फट पडते. तेल काढताना ही केसाएवढी फट फारशी त्रास देत नाही कारण तेव्हा खालचा दाब दिवसेंदिवस कमीच होत असतो. गॅस भरताना उलटं असतं, खालचा दाब आपण मुद्दाम वाढवत असतो. त्यात कार्बन डायऑक्साईड ओल्या जागी गेला की आम्ल तयार होतं, ते स्टीलला खातं आणि साध्या सिमेंटलाही खातं. म्हणून त्यासाठी वेगळं सिमेंट आणि वेगळ्या धातूचे पाइप लागतात, पण ते नव्या विहिरीत. ऐंशीच्या दशकात खोदलेल्या विहिरीत ते कुठून असणार, तेव्हा कोणाच्या स्वप्नात तरी होतं का की इथे उलटा गॅस भरायचाय?

आखातात एका फील्डवर होतो तेव्हाचं सांगतो, कंपनीचं नाव नको. प्लॅटफॉर्मवर एका जुन्या विहिरीच्या दोन केसिंगच्या मधल्या जागेतला दाब दाखवणारा गेज होता, तिथे काटा शून्यावर असायला पाहिजे. तो हळूहळू चढायचा. मग ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडून द्यायचा, काटा खाली यायचा, काही दिवसांत परत वर. हे वर्षानुवर्षं चालू होतं आणि वहीत दर वेळी एकच आकडा लिहिलेला, अगदी एकाच पेनाने लिहिल्यासारखा. आमच्या टीमने दुसरा गेज लावून बघितलं तर खरा आकडा बराच वर होता. वर कळवलं. उत्तर आलं की विहीर पुढच्या वर्षीच्या बुजवायच्या यादीत आहे. पुढच्या वर्षी ती परत पुढच्या वर्षीच्या यादीत गेली. कारण सरळ होतं, विहीर बुजवायला रिग म्हणजे खोदकामाचं अवाढव्य यंत्र लागतं, रिगचं एका दिवसाचं भाडं ऐकलं तर आपल्याला झोप येणार नाही, आणि बुजवलेल्या विहिरीतून एक थेंब तेल मिळत नाही. जगात कुठल्याही ऑफशोअर माणसाला विचारा, असा एखादा गेज त्याने बघितलेला असतोच.

आता मुंबई हाय बघा. 1974 मध्ये सागर सम्राट या खोदकामाच्या जहाजाने तेल शोधलं, 1976 पासून उत्पादन चालू, किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवर. तेव्हापासून आजपर्यंत तिथे शेकडो विहिरी झाल्या, काही चालू, काही बंद, काही तिरक्या काढून दुसरीकडे नेलेल्या, काही अर्ध्यात सोडलेल्या. शिवाय तिथला मुख्य तेलाचा खडक वाळूचा नाहीच, चुनखडीचा आहे. स्लाइपनरला वाळू, नॉर्दर्न लाइट्सला वाळू, आणि आपल्याकडे चुनखडी जी आम्लात थोडी थोडी विरघळते. याचा अर्थ तिथे साठवण होणारच नाही असा नाही, चुनखडीच्या तेलक्षेत्रांतही जगात कार्बन डायऑक्साईड सोडलेला आहे, पण नॉर्वेचा अनुभव उचलून इथे चिकटवता येणार नाही एवढं नक्की. इथला अभ्यास इथेच करावा लागेल, तोही आपल्या खडकाचा नमुना घेऊन.

आणि ते फील्ड रिकामं झालंय हे तरी कोणी सांगितलं? उत्पादन खूप घटलंय हे खरं, पण 2025 च्या सुरुवातीला ओएनजीसीने तिथलं उत्पादन परत वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. जिथून अजून तेल काढायचंय तिथे कार्बन डायऑक्साईड सोडला तर तो तेल पुढे ढकलायला सोडला जातो, थोडा खाली राहतो, थोडा तेलाबरोबर वर येतो, परत खाली ढकलतात. जगात आजवर पकडलेल्या गॅसपैकी मोठा हिस्सा याच कामाला गेलाय. धंदा म्हणून त्याला माझी ना नाही, आमची पोटं त्याच्यावरच भरली. पण त्यातून जे जास्तीचं तेल निघतं ते शेवटी जळतंच ना, मग त्याला हवामानासाठी केलेली साठवण म्हणून सरकारी अनुदान मागायचं हे जरा जास्तच होतं. तुमच्या लेखात या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्यात, त्या वेगळ्या ठेवायला पाहिजेत.

कोणाचा गॅस आधी पुरायचा हाही प्रश्न आहे. माझं मत सांगतो, सिमेंटचा. सिमेंट करायला चुनखडी भाजतात, आणि 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साईड तिच्यातूनच बाहेर पडतो, भट्टी कोळशावर चालवा नाहीतर उन्हावर चालवा. कारखान्याच्या एकूण उत्सर्जनातला साधारण 60 टक्के भाग हा असा दगडातून येणारा असतो, तो पकडण्याशिवाय त्याचं काय करणार? विजेचं तसं नाही. विजेला सूर्य आहे, वारा आहे. कोळशाच्या वीज केंद्राला हे यंत्र बसवलं तर ते यंत्रच वीज खातं, तयार होणाऱ्या विजेतला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त, म्हणजे तेवढ्याच विजेसाठी आणखी कोळसा जाळा.

आकडा मांडून बघा. चंद्रपूरचं वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. ते साठ टक्के क्षमतेने चाललं असं धरलं तर वर्षाला साधारण 1,500 कोटी युनिट, कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साईड, म्हणजे दीड कोटी टन. नॉर्दर्न लाइट्सचा पहिला टप्पा वर्षाला 15 लाख टन. एकट्या चंद्रपूरसाठी असे दहा लागतील. स्लाइपनरमध्ये 1996 पासून आजपर्यंत जेवढा पुरला तो सगळा मिळून दोन कोटी टनांच्या आतबाहेर आहे. आणि चंद्रपूरहून अरबी समुद्र किती लांब आहे ते वेगळं सांगायला नको, आठशे किलोमीटरच्या वर पाइपलाइन टाकायची, रस्त्यात किती गावं, किती शेतं, किती भूसंपादनाच्या केसेस. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांनाही हीच अडचण. ब्रेविकला कारखान्याच्या दारात बोट लागते म्हणून ते जमलं.

मग आपल्याकडे बोट कुठे लागते? सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे सिमेंट कारखाने आहेत की ज्यांच्या स्वतःच्या जेट्ट्या आहेत आणि ज्यांचं सिमेंट आजही समुद्रमार्गे मुंबईकडे येतं. आपल्या रायगडमध्ये डोलवीला धरमतर खाडीवर पोलादाचा कारखाना आहे, अलिबागजवळ थळला खताचा आहे. खताच्या कारखान्यात अमोनिया करताना कार्बन डायऑक्साईड जवळजवळ शुद्ध स्वरूपात वेगळा निघतोच, त्यातला बराच युरिया करायला परत वापरतात, पण म्हणजे पकडण्याचं अर्धं काम तिथे रोजच चालू आहे. सुरुवात करायची तर अशा ठिकाणी करा, चंद्रपूर-कोराडीची कोळशाची वीज केंद्रं हे कारण सांगून आणखी तीस वर्षं चालवू नका. पोलाद आणि सिमेंटवाल्यांना तसंही काहीतरी करावंच लागणार आहे, 1 जानेवारी 2026 पासून युरोपने बाहेरून येणाऱ्या या मालावर कार्बनचं शुल्क लावायला सुरुवात केलीय.

आता मोजमाप. हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो पण सगळी गोम इथेच आहे. स्लाइपनर हे जगातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं ठिकाण, दर काही वर्षांनी जहाज नेऊन भूकंपलहरींचा सर्व्हे करतात, खाली गॅस कुठवर पसरला त्याचा चक्क नकाशा निघतो. तिथेसुद्धा गॅस थरामागून थर चढत तीन वर्षांच्या आत सगळ्यात वरच्या थरापर्यंत पोचलेला दिसला, जे आधी कोणी धरलं नव्हतं. बाहेर आला नाही, वरच्या शेलने अडवला, पण अंदाज चुकला. नॉर्वेच्याच बॅरेंट्स सी मधल्या स्नोव्हिट गॅस फील्डला 2008 मध्ये काम सुरू केलं आणि थोड्याच काळात खडकातला दाब अपेक्षेपेक्षा भराभर वाढला, 2011 मध्ये दुसऱ्या थरात सोडायला लागले. त्यांच्याकडे दुसरा थर तयार होता म्हणून निभावलं. आणि 2024 मध्ये बाहेर आलं की स्लाइपनरला किती गॅस पकडला याचे आकडे काही वर्षं जास्त नोंदले गेले होते कारण मोजणारं उपकरण बिघडलेलं होतं, इक्विनॉरने ते मान्यही केलं.

म्हणजे बघा, नॉर्वेसारखा देश, जिथे आकडा सरकारकडे जातो, टॅक्स आकड्यावर बसतो, तिथेसुद्धा मीटरचा असा घोळ होतो. आपल्याकडे उद्या पुरलेल्या प्रत्येक टनाला क्रेडिट, म्हणजे बाजारात विकता येणारी पावती, मिळायला लागलं की मीटर कुठल्या बाजूला बिघडेल हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा मीटर कंपनीचा, ऑपरेटर कंपनीचा आणि रिपोर्टही कंपनीचा असं चालणार नाही. आणि आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर सर्व्हेचं जहाज काम करू शकत नाही, हेलिकॉप्टरसुद्धा दिवस बघून उडतं. विहिरीत आणि समुद्रतळावर कायमचे सेन्सर बसवल्याशिवाय पावसाळ्याचे चार महिने आपण आंधळेच राहणार. प्रकल्पाच्या खर्चात ही रक्कम पहिल्या दिवसापासून धरली पाहिजे, नाहीतर मागाहून ती कोणी देत नाही, अनुभव आहे.

गळती झाली तर काय, हेही लोक विचारतात, आणि इथे दोन गोष्टींची गल्लत होते. 160 किलोमीटर समुद्रात तळाशी थोडा गॅस सुटला तर मुंबईत कोणी गुदमरणार नाही, तो बराचसा पाण्यात विरघळेल, तिथल्या तळावरच्या जिवांना त्रास होईल आणि पुरलेल्याचं क्रेडिट खोटं ठरेल. धोका आहे तो जमिनीवरच्या पाइपलाइनचा. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात सटार्शिया नावाच्या छोट्या गावाजवळ फेब्रुवारी 2020 मध्ये कार्बन डायऑक्साईडची पाइपलाइन फुटली. खूप पाऊस पडून जमीन सरकली होती. हा गॅस हवेपेक्षा जड, सखल भागात जमिनीलगत पसरतो, गाड्यांची इंजिनं ऑक्सिजनअभावी बंद पडली, लोकांना पळताही येईना. 45 जणांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, दोनशेच्या आसपास लोकांना हलवलं, सुदैवाने कोणी गेलं नाही. आता पाऊस पडून जमीन सरकणं हे रायगडच्या माणसाला मी समजावून सांगायचं का? पेण, उरण, अलिबाग पट्ट्यात खाडीकाठची गावं सगळी सखल भागात. अशी लाइन टाकायचीच असेल तर ती गावापासून किती लांब असेल, मध्ये व्हॉल्व्ह किती अंतरावर असतील, सायरन कोण वाजवणार आणि रात्री दोन वाजता वाजला तर लोकांनी कुठल्या बाजूला जायचं, हे आधी गावात बसून ठरवा. जनसुनावणी म्हणजे मांडव, खुर्च्या, वडापाव आणि इंग्रजी रिपोर्टचं मराठी चार पानी सार, असं नको.

कोळी बांधवांचं तर कोणी नावच घेत नाही. प्लॅटफॉर्मच्या भोवती 500 मीटर जायचं नाही हे त्यांना ठाऊक आहे, पण साठवणीवर लक्ष ठेवायचं म्हणजे दर काही वर्षांनी सर्व्हेचं जहाज लांबलचक केबल ओढत फिरणार, तेही पाऊस नसताना म्हणजे नेमकं मासेमारीच्या सीझनला. नॉर्वेच्या पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या नुकसानभरपाईचं वेगळं प्रकरणच आहे. आपल्याकडे याची चर्चासुद्धा सुरू झालेली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे मला लेखात सापडलं नाही, ते म्हणजे शेवटी हा गॅस कोणाचा. तेल काढून झालं की फील्ड संपतं, इथे तसं नाही, भरून झालं की खरी राखण सुरू होते. युरोपच्या 2009 च्या कायद्यात असं आहे की साठवण बंद केल्यावर साधारणपणे किमान 20 वर्षं कंपनीने जबाबदारी घ्यायची, गॅस स्थिर झाल्याचं सिद्ध करायचं, आणि मगच ती जागा सरकारकडे जाते, ती देतानासुद्धा पुढच्या निदान 30 वर्षांच्या देखरेखीचे पैसे आधी मोजून द्यायचे. म्हणजे तिथेसुद्धा सगळ्यात शेवटी सरकारच. कंपनी विकली जाते, नाव बदलतं, दिवाळं निघतं, सरकार कुठे जाणार, आणि सरकार म्हणजे तुमचा आमचा टॅक्स. आपल्याकडे 2022 मध्ये नीती आयोगाचा या विषयावर मोठा अहवाल आला, पवईला आयआयटीत यावर राष्ट्रीय केंद्र चालू झालं, 2026-27 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी 20,000 कोटी रुपये जाहीर झाले, वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी आणि रसायन अशा पाच क्षेत्रांसाठी. पैसे आले, चांगली गोष्ट आहे. पण बंद झालेल्या साठ्याची जबाबदारी कोणाकडे, किती वर्षं, आणि त्यासाठी पैसे आधी कुठल्या खात्यात ठेवायचे हे पहिल्या विहिरीच्या आधी कायद्यात लिहून झालं पाहिजे. भरून झाल्यावर लिहायला बसलो तर कोण सही करणार?

पवईच्या मंडळींना जाता जाता एक विनंती, दख्खनच्या काळ्या पाषाणावर पण काम वाढवा. आइसलँडमध्ये तसल्याच बेसॉल्टमध्ये कार्बन डायऑक्साईड पाण्यात विरघळवून सोडला तर त्यातल्या 95 टक्क्यांहून जास्ताचा दोन वर्षांच्या आत दगड झाला, तिथे गळतीची भीतीच उरत नाही. पाणी मात्र फार लागतं, एका टनाला पंचवीसेक टन, आणि मराठवाड्यात ते मागायला गेलात तर काय होईल ते सांगत नाही. समुद्राकाठी खाऱ्या पाण्यावर जमतं का ते बघा.

तर संपादक साहेब, माझं मागणं एवढंच आहे की मुंबई हायचं नाव कार्बन साठवणुकीसाठी घेण्याआधी तिथल्या सगळ्या विहिरींची यादी लोकांसमोर यावी. कुठली कधी खोदली, केसिंग कुठल्या धातूचं, सिमेंट किती खोलीपर्यंत चढलं, शेवटचा लॉग कधी घेतला, दोन केसिंगच्या मध्ये आज दाब किती आहे आणि बुजवलेली असेल तर कशी बुजवली. यात गुप्त ठेवण्यासारखं काही नाही, तेल किती शिल्लक आहे ते आम्ही विचारत नाही. नॉर्वेत समुद्रातल्या विहिरींची माहिती सरकारी वेबसाइटवर घरबसल्या बघता येते, मी स्वतः बघतो, रिटायर माणसाला वेळ असतो.

ही माहिती आपल्याकडे कुठल्या रिपोर्टमध्ये असते, त्या रिपोर्टला काय म्हणतात आणि माहिती अधिकाराच्या अर्जात नेमकं काय लिहिलं म्हणजे "उपलब्ध नाही" असं उत्तर देता येत नाही, हे तुमच्या प्रतिनिधीला बसून सांगायला मी तयार आहे. संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो, फक्त येण्याआधी फोन करावा, पत्ता आणि नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय, तो छापू नये.

आपला,
एक निवृत्त ऑफशोअर कामगार,
उरण, जि. रायगड